मी चार वेळा ‘नाही’ म्हणाले

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास, नगरच्या एका हॉस्पिटलात, डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याच्या डोक्याची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि पेनानं डावीकडचा एक करडा पट्टा दाखवला.

“क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा,” ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. मेंदूला आवरणं असतात. त्यातल्या एका आवरणाखाली, मेंदूच्या वरच्या बाजूला, रक्त साचलंय. एकदम नाही, हळूहळू. त्याच्या दाबानं मेंदू बाजूला सरकलाय.

खरं सांगायचं तर मला आधी हायसं वाटलं. पाच दिवस काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं आणि आता निदान त्याला नाव मिळालं होतं.

“महिन्याभरात डोक्याला मार लागला होता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही.”

“कुठं पडले-आपटले होते? गाडीवरून, मोरीत?”

“नाही.”

“नीट आठवा, बाई. छोटासा फटकासुद्धा पुरतो.”

“नाही हो. मला माहीत नसतं का?”

“रक्त पातळ करायची गोळी वगैरे काही?”

“नाही. त्यांना कुठलीच गोळी चालू नाही.”

चार प्रश्न, चार वेळा ‘नाही’. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पोरं खोटं बोलली की मला लगेच कळतं. त्या दिवशी मी खोटं बोलत नव्हते, पण माझी चारही उत्तरं चुकीची होती. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्ही माझ्यासारखं करू नये, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी माणूस कोण ते सांगते. माझे यजमान दाविद माजोक हे दक्षिण सुदानचे. नऊ वर्षांचे असताना त्यांच्या गावावर हल्ला झाला. गावातल्या पोरांच्या रांगेत चालत चालत त्यांनी सरहद्द ओलांडली आणि पुढची बारा वर्षं निर्वासितांच्या छावणीत काढली. छावणीतल्या चर्चच्या ओळखीनं ते शेतकी शिकायला नगरला आले. शिकता शिकता धर्मशिक्षणाकडे वळले, पाळक झाले आणि सोनईजवळच्या आमच्या गावच्या चर्चमध्ये नेमले गेले. तिथं मी सापडले. लग्नाला चौदा वर्षं झाली.

त्यांच्या मुलखात जरा शांतता झाल्यापासून ते वर्षातले आठ महिने तिकडे, आई आणि बहिणीजवळ असतात. छोटा दवाखाना चालवतात, विधवा बायकांना शिवण शिकवायची सोय करतात आणि उन्हाळ्यात माणसांना नि गुरांना पाणी पुरावं म्हणून शेततळी खोदून घेतात. ही विद्या त्यांनी आपल्याकडेच उचलली. उरलेले चार महिने ते इथं असतात. गावात सगळे त्यांना पास्तर म्हणतात. उंची सहा फूट पाच इंच आणि मराठी अशी, की फोनवर ऐकणाऱ्याला नेवाशाचा गडी वाटावा. घोडेगावच्या बाजारात गेले की बैलांपुढून हलत नाहीत, कारण त्यांच्या लोकांत पोरांची नावंसुद्धा बैलांच्या रंगावरून ठेवतात. माजोक म्हणजे काळ्यापांढऱ्या रंगाचा बैल. हे कळल्यावर माझे वडील आठवडाभर हसत होते.

दिवाळीची सुट्टी संपून माझी शाळा सुरू झाली, त्या सुमारास दाविदचं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, उन्हात टोपी न घालता हिंडता, दुसरं काय होणार. मग त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चालता चालता मागेच राहायची आणि त्यांना पत्ता नसायचा. मग एकदा चहाचा कप हातातून सुटला. नवा सेट होता, मी चिडले. त्यांनी खाली वाकून तुकडे डाव्या हातानं गोळा केले. डाव्या हातानं का, असं तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

त्या आठवड्यात ते बोलतही कमी होते. शब्द शोधायचे. ‘पातेलं’ म्हणायचं असलं की नुसता हात करायचे. माणूस पन्नाशीकडे झुकलाय, तिकडच्या कामाची काळजी डोक्यात असेल, असं मी समजून चालले. आपण घरच्या माणसाबद्दल असंच काहीतरी समजून चालतो.

रविवारी उपासनेत ते प्रवचनाला उभे राहिले. पाच-सात मिनिटं मराठीत बोलले आणि एका वाक्याच्या मध्येच थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले ते दुसऱ्याच भाषेत. सलग, न अडखळता. मधूनमधून ‘न्हिआलिच’ हा शब्द यायचा. त्यांच्या दिंका भाषेत न्हिआलिच म्हणजे देव. त्या भाषेतले मला जे आठ-दहा शब्द येत होते त्यातला हा एक.

मंडळी गप्प बसून ऐकत होती. दोनेक मिनिटांनी मागच्या सतरंजीवरून रत्नामावशीचा आवाज आला, “आत्मा उतरला. पास्तर अन्य भाषेत बोलत्यात.”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या काही प्रार्थना-मंडळांत असं मानतात, की पवित्र आत्मा उतरला की माणूस स्वतःलाही न येणाऱ्या भाषेत बोलू लागतो. याला ‘अन्य भाषेचं दान’ म्हणतात आणि ते फार मोठं मानलं जातं. रत्नामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. बायकांचं प्रार्थना-मंडळ तिच्याच हुकमावर चालतं. तिला कायम एकच खंत, की जावई इतका देवाचा माणूस आणि त्याला हे दान नाही. दाविद तिला म्हणायचे, “मावशी, मला आधीच चार भाषा येत्यात. पाचवी देवानं दुसऱ्या कुनाला तरी द्यावी.”

उपासनेनंतर बाया रडत रडत त्यांचे हात धरत होत्या. ते सगळ्यांकडे बघून हसत होते, पण ते हसू मला ओळखीचं वाटेना. मी मावशीला बाजूला घेऊन म्हटलं, “अगं, ही त्यांची स्वतःची भाषा असेल.”

“तुला येती का त्याची भाषा?” मावशीनं विचारलं.

“नाही.”

“मग कशावरनं म्हनतीस? चौदा वरसं मी याच्यासाठी गुडघ्यावर हाय, नलू. तू आता मधी बोलू नको.”

चौदा वर्षांत मी त्यांची भाषा शिकले नव्हते, कारण त्यांनी माझी इतकी चांगली शिकून घेतली होती. ते आपल्या बहिणीशी फोनवर बोलायचे तेव्हा मी वह्या तपासत बसायचे. त्या भाषेचा कानाला एक सूर माहीत होता, एवढंच. आता तोच सूर आहे की दुसरा, हे मला सांगता येईना. मी शिकलेली बाई, तरी मीही अर्धीमुर्धी मावशीच्या बाजूला गेले. त्यात एक अभिमानही होता. तो मी लपवत नाही.

सोमवारी, मंगळवारी आमच्या घरी रीघ लागली. काष्टीहून एक टेम्पो भरून माणसं आली. दाविद ओट्यावर बसून बोलत, लोक टाळ्या वाजवत, स्तोत्रं म्हणत. मी सगळ्यांना चहा देत होते. कुणीतरी मोबाईलवर चित्रण करून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. मी ते पुढं दाविदच्या बहिणीला, अचोलला, पाठवलं. खाली हात जोडल्याची चित्रं टाकली. अचोल तिकडचा दवाखाना सांभाळते. तिच्या गावात फोनला रेंज आठवड्यातून दोनदा मिळते.

बुधवारी सकाळी ते उठवून उठेनात. उठले ते उलटी करूनच. मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. शेजारच्यांची गाडी काढून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर भले होते. पास्तर आफ्रिकेतून आलेत हे कळल्यावर त्यांच्या मनात पहिला विचार मलेरियाचा आला. “सेरेब्रल मलेरिया असू शकतो,” ते म्हणाले. म्हणजे मेंदूत गेलेला मलेरिया. त्यात माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. रक्त तपासलं, काही निघालं नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा काही नाही. तरी जोखीम नको म्हणून सलाईनमधून औषध सुरू केलं. ताप नव्हता. त्याचं त्यांनाही कोडं पडलं होतं.

“काय बोलतात हे?” त्यांनी मला विचारलं.

“काहीतरी असंबद्ध,” मी म्हणाले.

त्यांनी फायलीत लिहिलं, ‘इरेलेव्हंट टॉक’. म्हणजे विषयाला सोडून बडबड. माझ्या तोंडचं वाक्य इंग्रजीत उतरलं. ती फाईल अजून घरात आहे आणि ते पान मी उलटत नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांचा उजवा हात वर उठेना. डॉक्टरांनी तो उचलून धरला आणि सोडला तसा तो गादीवर पडला. “नगरला न्या, आत्ताच. सीटी स्कॅन करायला लागेल,” ते म्हणाले. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे काप घेतल्यासारखे फोटो. रुग्णवाहिकेत दाविदचे पाय स्ट्रेचरच्या बाहेर वीतभर येत होते. मी ते हातांनी धरून बसले.

नगरच्या हॉस्पिटलात स्कॅनच्या खोलीबाहेर आम्हाला तासभर थांबावं लागलं. दारात खाकी कपड्यातला वॉचमन होता. त्याला पाहिलं आणि दाविद एकदम सावध झाले. डाव्या हातानं त्यांनी माझ्या पदराचं टोक मुठीत पकडलं. मग मान वळवून बाकावरच्या दुसऱ्या बायकांना, म्हाताऱ्यांना काहीतरी सांगायला लागले. दबक्या आवाजात, घाईघाईनं. एक बाई उठून लांब जाऊन बसली. मी पदर सोडवायचा प्रयत्न केला, तशी मूठ आणखी घट्ट झाली. त्या तासात मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. हा माणूस कोण, याला मी ओळखते का, असं वाटून गेलं.

मग फिल्म आली आणि मी चार वेळा ‘नाही’ म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, “संध्याकाळीच ऑपरेशन घेऊ. बर होल म्हणतात. कवटीला दोन लहान भोकं पाडायची आणि साचलेलं रक्त काढायचं. मोठं ऑपरेशन नाही, पण डोक्याचं आहे.” संमतीपत्रावर काय काय होऊ शकतं त्याची यादी होती. त्यात एक ओळ होती, बोलणं कायमचं जाऊ शकतं. ती वाचताना माझ्या मनात आलं, बोलणं गेलं तर हे तिकडं परत जाणार नाहीत, घरीच राहतील. एक क्षणभरच आलं, पण आलं. आठ-आठ महिने एकटी राहिलेल्या बाईला मी काय दोष देऊ? सही करताना मात्र मला स्वतःची लाज वाटली.

सही करून बाहेर बाकावर बसले आणि फोन वाजला. अचोल होती. तिला आजच रेंज मिळाली होती आणि तिनं ते चित्रण आत्ताच पाहिलं होतं. छावणीतल्या शाळेत शिकलेलं तिचं इंग्रजी स्वच्छ आहे.

“नलिनी, हे लोक टाळ्या का वाजवतायत?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, “ते देवाच्या भाषेत...” आणि माझं वाक्य पुढं जाईना.

“तो दिंकात बोलतोय,” अचोल म्हणाली. “अगदी नीट बोलतोय. तो म्हणतोय, देवा, या लोकांना माझं कळत नाही. माझं डोकं फुटायला आलंय. मशिनी आत नेताना दार डोक्याला लागलं, डोळ्यांपुढं काळोख आला. बायकोला सांगितलं नाही, ती हसली असती. म्हाताऱ्याच्या डब्यातल्या गोळ्या रोज खातोय, त्यानंही थांबत नाही. हेच तो पुन्हा पुन्हा सांगतोय. आणि तुम्ही गाणी म्हणताय.”

मी बाकावरून उठले.

दार. आमचं घर वडिलांनी बांधलेलं, स्वतःच्या मापानं. दाविदच्या उंचीला आमच्या चौकटी चार बोटं कमी पडतात. लग्नाच्या दिवशी हार घालून घरात येताना त्यांना पहिला टोला बसला आणि वऱ्हाडात हशा पिकला. तेव्हापासून ते आमच्या घरातलं नेहमीचं झालं. ते उठले की घरातलं कुणीही म्हणायचं, “पास्तर, डोकं,” आणि ते चौकटीला तळवा लावून वाकायचे. आठवड्यातून एकदा तरी आपटायचेच. आम्ही हसायचो, तेही हसायचे. डॉक्टरांनी ‘मार’ म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं मोटारसायकल आली, विहिरीची पायरी आली. दार आलं नाही. रोजच्या विनोदाला कुणी मार म्हणतं का?

सुट्टीत त्यांनी शिवणवर्गासाठी जुन्या शिलाई मशिनी गोळा केल्या होत्या. तिकडं पाठवायला सोपं जावं म्हणून पाय काढून नुसती लोखंडी मुंडकी आणली होती. दोन्ही हातांत दोन मुंडकी घेऊन ते आत आले, तेव्हा चौकटीला लावायला तळवा मोकळा नव्हता. मी स्वयंपाकघरात होते. आवाज मी ऐकला होता आणि तिथूनच ओरडलेही होते, “पास्तर, डोकं.”

आणि वडिलांचा डबा. वडिलांना हृदयासाठी रोज एक ॲस्पिरिन आहे. आमच्या घरात ती ‘दादांची हृदयाची गोळी’. छावणीत वाढलेल्या माणसाला मात्र ॲस्पिरिन म्हणजे डोकेदुखीची गोळी. तिथल्या दवाखान्यात तीच मिळायची. मागं एकदा दादा म्हणालेही होते, की डब्यातल्या गोळ्या लवकर संपतात. मी म्हटलं, तुम्ही दोनदा घेत असाल, विसरता.

मी डॉक्टरांच्या खोलीकडे धावले. दार, गोळ्या, सगळं सांगितलं. त्यांनी आधी गोळीचं विचारलं. किती, किती दिवस, शेवटची कधी. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, “बरं झालं आत्ता सांगितलंत. ॲस्पिरिननं रक्त लवकर थांबत नाही. आत गेल्यावर कळलं असतं तर अवघड होतं. प्लेटलेट्स लागतील.” प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणारे कण, ते दात्यांकडून मिळतात. ऑपरेशन शनिवारी सकाळवर गेलं.

मी मावशीला फोन केला. काय झालं ते सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. मग ती एवढंच म्हणाली, “किती मानसं लागतील?”

शनिवारी सकाळी सातला गावातून तीन गाड्या आल्या. त्यात टाळ्या वाजवणारे बहुतेक सगळे होते. मावशीही बाही वर करून रांगेत उभी. रक्तपेढीतल्या मुलीनं तिला वय विचारलं आणि हसून बाजूला बसवलं. “माजं वय झालं म्हून रगात आटलं व्हय?” मावशी म्हणाली. पण ती तिथून हलली नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तो पानी मागत हुता का गं, नलू? मी त्याच्या तोंडापुढं टाळ्या वाजवत हुते.”

“पाणी नव्हते मागत,” मी म्हणाले. मी तिचा हात धरला. दोघींचाही दोष सारखाच होता.

अचोल आता रोज रेंज मिळेल अशा मोठ्या गावात येऊन राहिली होती. आत नेण्याआधी मी तिला फोन लावून तो दाविदच्या कानाला लावला. गुंगीतही ते बोलले. थोडं थांबत, पण बोलले. मग मी अचोलला त्या पदराचं विचारलं. ती म्हणाली, “आम्ही रांगेत चालायचो तेव्हा प्रत्येकानं पुढच्याचा सदरा धरायचा, असा नियम होता. सोडला तो हरवला. गणवेशवाला दिसला की दाविद सगळ्यांना सांगायचा, धरा, सोडू नका. तो त्या बाकावरच्या लोकांना तेच सांगत असणार.” मी ज्याला घाबरले होते तो नऊ वर्षांचा असताना दुसऱ्यांना सांभाळत होता, आणि चाळीस वर्षांनी नगरच्या त्या बाकावरही तेच करत होता.

ऑपरेशन दीड तास चाललं. डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, “चांगलं झालं. काकवीसारखं दाट काळं रक्त होतं. मेंदू हळूहळू जागेवर येईल.” बोलण्याचं विचारलं तर म्हणाले, “वाट बघायची. बहुतेक येईल. कधी आणि किती, ते आत्ता नाही सांगता येत.”

ती वाट बघणं मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं. रविवारी त्यांनी डोळे उघडले. हात हलला. सोमवारी फोनवर बहिणीशी बोलले. मंगळवारी नर्सला इंग्रजीत ‘थँक यू’ म्हणाले. माझ्याकडे मात्र बघायचे, ओळखायचे, डावा हात पुढे करायचे आणि गप्प राहायचे. डॉक्टर म्हणाले, कधीकधी शेवटी शिकलेली भाषा शेवटी परत येते. मी मनात म्हटलं, म्हणजे मी शेवटची. मग मी अचोलला निरोप पाठवला, की रोज पाच शब्द आवाज भरून पाठव. ते ऐकून मी कॉटशेजारी बसून म्हणायचे. माझे उच्चार ऐकून दाविद तोंडावर हात ठेवायचे. हसत होते, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी सकाळी मावशीनं घरून थर्मासमध्ये चहा आणला. डॉक्टरांनी कडक चहा नको म्हटल्यानं तिनं तो बेताचाच केला होता. दाविदनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मावशी, चहा लई फिका हाय.”

मावशी रडायला लागली. मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण मला तिच्यापेक्षा जास्त रडू येत होतं. तिसऱ्या कॉटवरचा माणूस आपल्या बायकोला विचारत होता, की चहा फिका आहे तर यात रडायचं काय.

आता तीन महिने होऊन गेले. चप्पल पायात राहते. एखादा शब्द अजून अडकतो, मग ते हात करतात आणि मी थांबते. आधी मी त्यांचं वाक्य पुरं करायचे, आता करत नाही. त्या डॉक्टरांचे, त्या पहिल्या दवाखान्याचे आणि तीन गाड्या भरून आलेल्या माणसांचे आभार कसे मानावेत ते मला अजून उमगलेलं नाही. मावशीचं प्रार्थना-मंडळ चालू आहे. पण कुणी अन्य भाषेत बोलायला लागलं की मावशी आधी त्याला विचारते, “डोकं तर दुखत न्हाई ना?”

तुमच्या घरात कुणाचं बोलणं अचानक बदललं, पायातली चप्पल निसटायला लागली, तर थांबू नका. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा जे सांगताना हसू येईल तेही सांगा.

गेल्या आठवड्यात मी गवंड्याला बोलावलं. पुढच्या दाराची चौकट काढून वीतभर वर घ्यायची ठरली. दाविद ओट्यावर बसून बघत होते. मी म्हणाले, “हे काम चौदा वर्षांपूर्वी करायला हवं होतं.”

ते म्हणाले, “आमच्या आईच्या झोपडीचं दार माझ्या कमरेएवढं हाय. तिथं ल्हान-थोर समदे गुडघ्यावर रांगत आत जात्यात. म्हून तिथं कुनाला कधी लागत न्हाई.” मग चौकटीकडे बघून म्हणाले, “तुझं दार एवढंसंच कमी हुतं, नलू. त्यानं घात केला.”

डॉक्टरांनी त्यांना पावसाळ्यानंतर विमान प्रवासाची परवानगी दिली आहे. या वेळी मी शाळेतून रजा काढली आहे आणि दोन तिकिटं सांगितली आहेत. अचोलचे शब्द आता दोनशेच्या वर गेलेत. त्यांच्या आईला काय म्हणायचं ते पाठ करते आहे. पण अचोल म्हणते, बोलायची घाई नको, आधी दार येईल.

मी घरात गुडघ्यांवर रांगून पाहिलं. या वयात जमतं.